कोनशिलेवरचं दुसरं नाव

दगडावर पुढाऱ्यांची नावं कोरणं हा माझा धंदा आहे. पैठण गेटापासून आत गेलेल्या एका गल्लीत दुकान, दुकानामागं पत्र्याची शेड आणि शेडमागं घर. त्यामुळं आमच्या घरात बारा महिने संगमरवराची भुकटी असते. बायको म्हणते, "तुमच्या पुढाऱ्यांनी माझ्या कणकेतसुद्धा जागा सोडली नाही." समाधीचे दगड, देवळाच्या पायऱ्या, घरांच्या पाट्या हे सगळं आम्ही करतो, पण चूल पेटते ती कोनशिलांवर. समाजमंदिर, पाण्याची टाकी, शाळाखोली, पूल, जे उभं राहिलं किंवा राहणार असं सांगितलं गेलं, त्याच्या भिंतीत बसवलेला आणि पडदा ओढून उघडलेला तो चौकोनी दगड म्हणजे कोनशिला.

दिवाळी अंकासाठी धंद्याविषयी लिहा असं सांगणं आलं तेव्हा मी पहिल्यांदा विचारलं, शब्द किती? आमच्याकडं मजकूर आधी मोजतात, मग वाचतात.

हा धंदा वडिलांनी एका उस्तादाकडून घेतला. निजामाच्या अमलात उस्ताद उर्दू आणि फारसी कोरायचे. पोलीस ॲक्शननंतर मराठीची कामं यायला लागली. उस्तादांना देवनागरी वाचता येत नव्हती, पण कागदावर काढून दिलेलं अक्षर ते असं कोरायचे की वाचणाऱ्याला हेवा वाटावा. त्यांचा नातू रफीकभाई आज माझ्याकडं आहे. तो मात्र वाचतो, आणि वाचलेल्यावर मत देतो. शहराचं नाव बदललं तेव्हा नातेवाइकांना वाटलं, आता याची दिवाळी. प्रत्यक्षात पाट्या बदलल्या त्या बहुतेक पत्र्याच्या आणि फ्लेक्सच्या. आमच्या वाट्याला एक शाळा आणि दोन दवाखाने आले.

कोनशिला बाहेरून साधी दिसते. वर देवाचं नाव, मग कामाचं नाव, मग 'यांच्या शुभहस्ते', मग अध्यक्ष, मग प्रमुख उपस्थिती, सगळ्यात खाली अभियंता आणि ठेकेदार. खरं काम आहे ते क्रमाचं आणि आकाराचं. कोण कोणाच्या वर, कोणाचं अक्षर केवढं. आकार आम्ही सुतात मोजतो. एका इंचाची आठ सुतं. एका सुताच्या फरकावरून परत आलेले दगड माझ्या शेडमध्ये उभे आहेत. त्यांच्या पाठीवर नवं काम करता येतं, म्हणून ते वाया जात नाहीत. एका गावच्या सरपंच बाई होत्या आणि मजकूर घेऊन आले त्यांचे यजमान. त्यांनी स्वतःचं नाव 'सरपंच पती' म्हणून घातलं होतं आणि ते बाईंच्या नावापेक्षा मोठं हवं होतं. मी म्हटलं, "असं पद नसतं." ते म्हणाले, "पद नसलं तरी मी आहे ना!" दुसरे एक पुढारी आपलं नाव देवळाच्या पायरीवर कोरा म्हणाले, भक्तांची पायधूळ लागावी म्हणून. आठ दिवसांनी निरोप आला, पायरी बाजूच्या दाराची घ्या, पुढच्या दारानं फार लोक जातात.

आता ज्यांच्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्या माणसाकडं येतो.

त्यांना मी इथं तात्याराव गव्हाणे म्हणतो. गाव नागदरी म्हणतो. दोन्ही नावं बदललेली आहेत. कन्नडकडून घाट दिसायला लागतो त्या अंगाला असलेलं हे गाव, निम्मं शेतकऱ्यांचं आणि निम्मं मेंढपाळांचं. तात्याराव जिल्हा परिषदेत सभापती होते आणि तालुक्यातल्या मोठ्या नेत्याचा उजवा हात. त्या नेत्याला सगळे नुसतं 'साहेब' म्हणायचे, मीही तेवढंच म्हणतो. तालुक्यातल्या प्रत्येक कोनशिलेवर पहिलं नाव साहेबांचं असायचं आणि दुसरं तात्यारावांचं. वीसएक वर्षं हा क्रम हलला नाही.

बाकीचे पुढारी माणूस पाठवतात. तात्याराव स्वतः येत. बाकावर बसून चहा घेत आणि कागदावरची आखणी तपासत. त्यांची तक्रार जगावेगळी असायची.

"माझं नाव मोठं झालंय," ते म्हणायचे.

"साहेबांपेक्षा एक सूत कमीच आहे, तात्या."

"दोन सूत कमी करा. मागं उभं राहणाऱ्यानं मागंच दिसावं."

रफीकभाई छिन्नी घासता घासता पुटपुटायचा, "ऐसा आदमी पहली बार देखा. कम करने कू आता."

साहेबांची एक शिक्षणसंस्था होती. नागदरीच्या गायरानात तिचं कॉलेज झालं, तिची कोनशिला मीच कोरली. गायरान म्हणजे गावाची चराईची जमीन. ती संस्थेला द्यायची तर ग्रामसभेचा ठराव लागतो. त्या सभेत पहिला हात तात्यारावांचा वर गेला, मग गावाचे गेले. अर्धं गायरान कॉलेजला मिळालं. त्या अर्ध्यात भिवाबाबा नावाच्या म्हाताऱ्या मेंढपाळाचा मेंढ्या बसवायचा वाडा होता. बाभळीच्या काट्याचं कुंपण, सातबाऱ्यावर कुठं नोंद नाही. ते उचललं गेलं.

काही वर्षांनी साहेबांना उरलेलं अर्धंही हवं झालं. वसतिगृह बांधायचं होतं. या उरलेल्या अर्ध्यात गावाचा पाझर तलाव होता आणि आसपासच्या सगळ्या मेंढ्यांचं पाणी तिथंच होतं. पुन्हा ग्रामसभा बोलावली. याच सुमारास तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयाची कोनशिला माझ्याकडं तयार होती. पहिलं नाव साहेबांचं, दुसरं तात्यारावांचं, दोन सूत कमी. उद्घाटन तीन दिवसांवर आलं होतं.

दुपारी साहेबांचे पीए दुकानात आले. बसले नाहीत.

"दुसरी ओळ काढा."

"कोरलेलं नाव काढता येत नाही. अख्खा दगड घासावा लागतो, नाहीतर उलटा करून पुन्हा कोरावा लागतो. तीन दिवसांत होत नाही."

"मग बुजवा. पण उद्घाटनाला ते नाव तिथं दिसता कामा नये. काल भर सभेत साहेबांच्या तोंडावर नाही म्हणाला तो. वीस वर्षं ताटात जेवला आणि भाच्याला पुढं आणायचं ठरतंय म्हटल्यावर याला गायरान आठवलं!"

साहेब भाच्याला पुढं आणणार ही कुजबूज मीही ऐकली होती. खरं किती, मला ठाऊक नाही, आणि जे ठाऊक नाही ते मी लिहीत नाही.

आम्ही नाव बुजवलं. पांढरं सिमेंट, संगमरवराची भुकटी आणि चिकटवणारं रसायन कालवून अक्षरांत भरलं, वरून घासून पॉलिश मारलं. रफीकभाईनं हात पुसले आणि म्हणाला, "सेठ, नाम जाता नई. खाली दबता."

त्याचं बरोबर होतं. दोन पावसाळे गेले आणि भरलेला मसाला उन्हानं पिवळा पडला. पांढऱ्या दगडावर साहेबांच्या खाली फिकट हळदीच्या रंगात तात्याराव पुन्हा वाचता यायला लागले. रुग्णालयाच्या ओसरीवर बसलेले लोक ते एकमेकांना दाखवू लागले. पीएंचा फोन आला, "तुमचा दगड राजकारण करतोय!" शेवटी त्यांनीच त्या ओळीवर लसीकरणाचा पत्रा ठोकला आणि प्रश्न मिटवला.

तोवर तात्यारावांचा निकाल लागून गेला होता. तिकीट मिळालं नाही, अपक्ष उभे राहिले आणि सपशेल आपटले. नागदरीतसुद्धा मागं राहिले. ज्यांच्या मेंढ्यांसाठी ते उठले त्यांनीही मत दिलं नव्हतं.

त्यानंतर ते एकदा दुकानात आले. घराची पाटी करायची होती, नुसतं नाव, मागंपुढं काही नको. चहा आला. मी सरळ विचारलं, कारण मला आडून विचारता येत नाही.

"तात्या, एवढी वर्षं का थांबलात?"

त्यांना राग आला नाही. बशीत चहा ओतून ते फुंकू लागले.

"दर वेळी वाटायचं, ही गोष्ट काही एवढी मोठी नाही. एवढ्यासाठी साहेबांशी वाकडं कशाला घ्या. पुढं खरंच मोठं काही आलं म्हणजे बोलू. असं करत वीस वर्षं गेली, आणि मोठं काही आलंच नाही. सगळं एवढं एवढंसंच येत होतं."

"मग तलाव मोठा होता?"

"छे हो! तलावही एवढासाच. खरं सांगू? मी काही ठरवून गेलो नव्हतो. आदल्या दिवशी भिवा आला होता. रडला नाही, पाया पडला नाही. म्हणाला, तलाव देताव तर द्या, मेंढरं कुठं पाजू तेवढं सांगा. मला उत्तर सुचेना. दुसऱ्या दिवशी सभेत बसलो तरी डोक्यात तेच. कॉलेजमागची विहीर? ती आटलेली. नदी? ती लांब. तेवढ्यात साहेब म्हणाले, मंजूर असणाऱ्यांनी हात वर करा. मी अजून उत्तरच शोधत होतो. हात वर गेलाच नाही."

"आणि?"

"आणि काय! माझा हात दिसंना म्हणून गावाचे अर्धे वर आलेले हात खाली आले. साहेब माझ्याकडं बघायला लागले. अख्खं गाव बघायला लागलं. मग बोलावं लागलं. म्हटलं, साहेब, मेंढरांना पाणी कुठं ते आधी ठरू द्या, तोवर माझी हरकत आहे."

"भाच्याचं काय?"

ते हसले. "तेही ऐकलं होतंच की. राग नव्हता असं म्हणणार नाही. पण त्या घडीला डोक्यात विहीर होती."

ठराव पडला तो पडलाच. पुढं साहेबांचंही दिवसमान बदललं आणि तलाव गावाकडंच राहिला. तात्याराव शेती बघत राहिले आणि तीन वर्षांमागं गेले.

गेल्या उन्हाळ्यात नागदरीहून दोन माणसं जीपनं दुकानात आली. एक तात्यारावांचा मुलगा प्रकाश, माध्यमिक शाळेत शिक्षक. दुसरे भिवाबाबा. डोक्याला लाल मुंडासं, खांद्यावर घोंगडी, भर उन्हात. तलावाच्या काठाला दगड बसवायचं गावानं ठरवलं होतं आणि मजकूर दोघांनी मिळून पसंत करायचा होता. गावात दोन तट पडले होते, हे मला पहिल्या पाच मिनिटांत समजलं. एक तट म्हणत होता, तलाव तात्यांनी वाचवला, त्यांचं नाव लागलंच पाहिजे. दुसरा म्हणत होता, अर्धं गायरान कुणी घालवलं? त्याच माणसानं. मग कसलं नाव? भिवाबाबांनी होकार दिला तरच दुसरा तट गप्प बसणार होता. नाहीतर तात्यारावांचं नाव लागणार नव्हतं, आणि ज्या एका गोष्टीसाठी त्यांनी सगळं घालवलं तिथं त्यांची काही खूण राहणार नव्हती.

लोक म्हणतात, खरं-खोटं इतिहास ठरवील. माझा अनुभव सांगतो, इतिहास जीपमधून दोघं मिळून येतो, मजकुराचा कागद एकाच्या खिशात असतो आणि रस्ताभर भांडण झालेलं असतं.

प्रकाश सरांनी कागद पुढं केला. मी मोठ्यानं वाचलं, 'गोरगरिबांचे कैवारी, अन्यायापुढे कधीही न झुकलेले लोकनेते कै. तात्याराव गव्हाणे यांच्या पुण्यस्मरणार्थ.'

भिवाबाबांनी मान हलवली. "हे कुणाचं लिवलंय?"

"वडिलांचं, बाबा."

"मला वाटलं साहेबाचं. शब्द तेच हायेत."

रफीकभाई आतून खोकला. मी त्याच्याकडं बघितलं नाही.

"सर," मी म्हटलं, "आक्षेप कोणत्या शब्दाला आहे ते बघू. धंद्याची पद्धत आहे. एकेक शब्द घेऊ."

"कैवारी काढा," भिवाबाबा म्हणाले. "कधीही न झुकलेले तर आधी काढा. आरं, पयल्या सभेला तात्याचा हात माझ्या डोळ्यांदेखत वर गेलता. माझा वाडा मी ह्या हातांनी उपटला. दोन पिल्लं त्या उन्हात मेली माझी. ते काय मी सपनात बघितलं व्हय?"

"मग नावच नको म्हणा ना!" सरांचा आवाज चढला. "वडिलांनी तुमच्यासाठी सभापतिपद घालवलं. आणि तुम्ही मत तरी दिलंत का त्यांना?"

"नाय दिलं."

"का?"

"साहेबाकडं रस्ता व्हता. आमच्या वस्तीला सडक पायजे व्हती. तात्याकडं निसतं खरं व्हतं." घोंगडी सावरत ते म्हणाले, "लाज वाटती सांगाया. पर इचारलं म्हनून सांगितलं."

मी चहा मागवला. आमच्या दुकानात चहा आला की निदान पाच मिनिटं युद्धबंदी असते.

चहानंतर मी विचारलं, "बाबा, तुमच्या मतानं काय कोरायचं? जसं बोलाल तसं सांगा, मी मांडतो."

"जे झालं ते लिवा. अर्धं गेलं ते त्याच्यानं गेलं. अर्धं ऱ्हायलं ते बी त्याच्यानंच ऱ्हायलं. दोन्ही लिवा. येक लिवून येक दडवलं तर नाव नको."

मी कागदावर मांडलं. कोनशिलेत विशेषणांची सवय झालेल्या हाताला ते जड गेलं, पण तीन वाक्यांत बसलं.

'हे गायरान व हा पाझर तलाव गावाचा आहे. अर्धे गायरान तात्याराव गव्हाणे यांच्या होकाराने गेले. उरलेले त्यांच्या नकाराने राहिले.'

प्रकाश सर ते दोनदा वाचून उठले. "बापाचा गुन्हा मीच पैसे देऊन दगडावर कोरून घेऊ?" असं म्हणून जीपमध्ये जाऊन बसले. भिवाबाबा घोंगडी सावरत हळूहळू मागून गेले. मला वाटलं, काम गेलं. खरं सांगायचं तर मला सरांचंही पटत होतं. ज्यांनी कधीच नाही म्हटलं नाही अशा कितीतरी माणसांची नावं मी मोठ्या अक्षरांत कोरली आहेत, आणि त्यांच्या होकारानं काय काय गेलं हे कुणी खाली लिहायला लावलेलं नाही. जो एकदा तरी उठला त्याचाच जमाखर्च का मांडायचा? बायकोला हे बोललो. ती म्हणाली, "कारण त्याचाच मांडता येतो. बाकीच्यांची जमेची बाजू कुठाय?"

पंधरवड्यानं प्रकाश सर एकटेच आले.

"तसंच कोरा," म्हणाले.

"विचार केलात?"

"मी नाही, आईनं केला. मी तिला दोन्ही मजकूर वाचून दाखवले. पहिला ऐकून म्हणाली, हा कधी न झुकलेला कोण? माझ्या घरी तर साहेबांचा फोन आला की भरल्या ताटावरून उठायचे. माझ्या नवऱ्याचं नाव लावायचं असलं तर माझ्याच नवऱ्याचं लावा."

काळ्या दगडावर आम्ही ते कोरलं. हल्ली यंत्रानं अक्षर निघतं, पण हे रफीकभाईनं हातानं केलं. मी सांगितलं नव्हतं. सगळी अक्षरं एकाच मापाची ठेवली.

दगड बसवायला आम्ही दोघं टेम्पोबरोबर गेलो. मंडप नव्हता, माईक नव्हता. पन्नासेक माणसं असतील, दोन्ही तटांची, थोडं अंतर ठेवून उभी. पडदा आणायचं कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. माझ्या इतक्या वर्षांच्या धंद्यात पडद्याशिवाय झालेलं हे एकच अनावरण. तात्यारावांच्या पत्नी म्हणाल्या, "भिवाभाऊ, तुम्ही उघडा."

"वैनी, मी? ज्याचा वाडा गेला त्यानं?"

"म्हणूनच."

उघडायला काही नव्हतं. भिवाबाबांनी तलावातून तांब्याभर पाणी आणलं आणि दगडावर ओतलं. सिमेंटचे शिंतोडे धुऊन गेले. त्यांना वाचता येत नाही. मला म्हणाले, "वाचा मालक, आवाज काढून." मी वाचलं. दुसरं वाक्य आलं तेव्हा एक तट हलला, तिसरं आलं तेव्हा दुसरा. वाचून झाल्यावर भिवाबाबा म्हणाले, "तात्याचं नाव कुठं हाय?" प्रकाश सरांनी त्यांचं बोट धरून ओळीवर ठेवलं. म्हाताऱ्यानं पूर्ण पंजा त्या नावावर टेकवला.

मग ते मागं सरले, दगडाकडं बघितलं, तलावाकडं बघितलं, आणि कपाळाला हात लावला.

"गुरजी, घोटाळा झाला."

"काय झालं, बाबा?" सरांनी विचारलं.

"दगड मेंढरांच्या वाटंत बसवलाय. समदी याच जागंवरनं पान्याला उतरत्यात. हितं अडतील."

सर आधी त्यांच्याकडं बघत राहिले, मग हसायला लागले. आई हसायला लागली. दोन्ही तटांतून चार-चार माणसं पुढं आली, कुणीतरी पहार आणली, आणि अजून ओल्या असलेल्या सिमेंटमधून आम्ही तो दगड पुन्हा उपटला. रफीकभाई ओरडत होता, "अरे आहिस्ता, कोना टूटेंगा!" पाच हात डावीकडं, बाभळीखाली, नवा खड्डा घेऊन दगड उभा केला. तोवर मेंढ्या आल्याच होत्या. वाट मोकळी झाली तशा त्या पाण्यावर उतरल्या.